चौरंग का डुगडुगला?

(परभणी जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायांसाठी गंगाखेडला झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं हे भाषण. बोलताना वक्त्या ताईंच्या हातात जिगसॉ मशीन होतं आणि समोर लाकडाचे तुकडे मांडलेले होते. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

माईकवर बोलायची माझी ही पहिलीच वेळ आहे. काल इथं कायद्यावर बोलणं झालं, घरातल्या मारहाणीवर झालं. रात्री ताई मला म्हणाल्या, "उद्या तू लाकूड कापण्यावर बोल." मी म्हटलं, "ताई, बायांच्या शिबिरात करवतीवर काय बोलू?" त्या म्हणाल्या, "तुझ्या चौरंगाचं सांग." तर मी चौरंगाचंच सांगणार आहे.

मी सुताराची लेक. गोदावरीकाठचं आमचं गाव. माझे वडील तिफण, वखर, बैलगाडी करायचे. बाभळीचं लाकूड तासायचे. कामाचे पैसे कमी आणि सुगीला मिळणारं बलुतं जास्त. पुढं ट्रॅक्टर आले, वखर-तिफणीचं काम आटलं, मग ते दारं-चौकटी करायला लागले. या सगळ्या वर्षांत मी काय करत होते? भुसा झाडत होते. चहा नेऊन देत होते. लाकडाचं दुसरं टोक धरून उभी राहत होते. पण करवत कधी माझ्या हातात आली नाही. आई म्हणायची, "बाईनं हत्याराला हात लावू नये, घराला चांगलं नसतं." विळी, खुरपं, विळा ही हत्यारं नाहीत का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

वडील गेल्यावर भावांनी हत्यारं वाटून घेतली. रंधा एकाला, पटाश्या दुसऱ्याला. काल वकील ताईंनी सांगितलं की १९९४ साली महाराष्ट्रानं लग्न न झालेल्या मुलींना आणि २००५ साली संसदेनं सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. बरोबर आहे. पण रंधा-पटाशीचा वाटा कुठल्या सातबाऱ्यावर चढत नाही. माझ्या वाट्याला एक गंजलेला गुण्या आला, तोही पेटीच्या तळाशी राहिला म्हणून. हा बघा तो. काटकोन बघायचं साधं हत्यार आहे. आज मला बोलायचंय ते याच्यावरच.

चोवीस चौरंग

नवऱ्यानं सोडल्यावर मी माहेरी आले. शिवणक्लास केला. आपल्याकडं बाई अडचणीत आली की तिच्या पुढ्यात एकच वस्तू ठेवतात, शिलाई मशीन. शिवणकामाला मी कमी लेखत नाही, त्यानं मला खाऊ घातलंय. पण एका गावात पंधरा बाया परकर शिवायला लागल्या तर शिलाईचा दर किती उरतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आमच्या गटानं ठरवलं, आपण लाकडाच्या वस्तू करू. बचतीतून पैसे काढले, एक जिगसॉ मशीन घेतलं. हातात धरायचं, विजेवर चालणारं, छोटं पातं वरखाली करणारं मशीन. दुकानदारानं विचारलं, "मिस्तरी कुठंय?" आम्ही म्हटलं, "हे काय, चौघी उभ्या आहेत."

शहरातल्या एका दुकानातून चोवीस चौरंगांचं काम मिळालं. वर प्लायवूडची फळी, खाली दीड इंची चौकोनी लाकडाचे चार पाय. महिनाभर राबलो. घरात शेणानं सारवलेल्या जमिनीवर एकेक चौरंग ठेवून बघितला, सगळे छान बसले. टेम्पोत घालून नेले. दुकानदारानं ते गुळगुळीत फरशीवर मांडले आणि एकेकाच्या कोपऱ्यावर बोट दाबत गेला. टक्. टक्. टक्. चोवीसातले पंधरा डुगडुगले. तो हसून म्हणाला, "बायांचं काम आहे, असंच असणार. अर्ध्या दरानं ठेवून जा."

परत येताना टेम्पोत कुणी बोलेना. मग भांडण सुरू झालं. एक म्हणाली, "बाया बघून त्यानं नाडलं. मोर्चा नेऊ दुकानावर." दुसरी म्हणाली, "खरंच आपल्या हाताला वळण नाही. आपण आपलं पापड करावेत." तिसरी म्हणाली, "त्याला हात जोडून सांगू, बायांनी पहिल्यांदाच केलंय, चालवून घ्या."

मला तिन्ही गोष्टी पटेनात. तो आम्हाला बाया म्हणून बोलला, हे खरं. आणि चौरंग डुगडुगत होते, हेही खरं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत. त्याच्या बोलण्याचा राग म्हणून डुगडुगणारा चौरंग सरळ होत नाही. आणि चौरंग डुगडुगतो म्हणून त्याचं बोलणं खरं ठरत नाही. "चालवून घ्या" म्हणणं तर मला सगळ्यात जास्त लागलं. चालवून घ्या म्हटलं की दरही चालवून घ्यावा लागतो.

त्या रात्री मी पेटीतला गुण्या काढला आणि कापलेल्या पायांच्या टोकांना लावला. दिवा पलीकडं धरला. गुण्या आणि लाकूड यांच्या फटीतून उजेड दिसत होता. वरची रेघ अगदी बरोबर कापलेली, पण पातं खाली जाता जाता एका बाजूला सरकलेलं. वर सरळ, खाली तिरकं. अशा पायांवर चौरंग नीट उभा राहील कसा? शेणाच्या जमिनीनं आमची चूक पोटात घातली होती. फरशीनं ती उघडी केली.

पातं का वाकतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या बसलो आणि शोधायला लागलो. तुम्हाला शिलाई मशीन माहीत आहे, म्हणून त्याच्याच भाषेत सांगते. सांगतात की हे मशीन निघालंच मुळी शिलाई मशीनपासून. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये सिंटिला कंपनीतल्या अल्बर्ट काउफमान नावाच्या माणसानं बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढली आणि तिच्या जागी करवतीचं पातं बसवलं. त्यातून पुढच्या वर्षी हातात धरायचं जिगसॉ बाजारात आलं. मला हे कळलं तेव्हा मी खूप हसले. म्हणजे जे यंत्र पुरुषाचं म्हणून आमच्यापासून लांब ठेवलं, ते आमच्याच यंत्राचं लेकरू निघालं!

आता बघा. सुई वरच्या बाजूला पकडलेली असते, खालचं टोक मोकळं. या पात्याचंही तसंच. तुम्ही कापड मागून ओढलं तर काय होतं? सुई वाकते, प्लेटवर आपटते, मोडते. इथं तुम्ही मशीन जोरानं पुढं रेटलं किंवा रेघेवर आणायला बाजूला दाबलं, की पात्याचं खालचं मोकळं टोक वाकतं. वरून तुम्हाला रेघ बरोबर दिसते आणि खाली काप भरकटलेला असतो. लाकूड जितकं जाड तितका तो जास्त भरकटतो. आम्ही घाई करत होतो, म्हणून रेटत होतो. पहिली चूक ती. मशीनचं काम मशीनला करू द्यायचं. तळ लाकडावर घट्ट दाबून धरायचा, जसं शिलाई मशीनचा दाब-पाय कापड दाबून धरतो, आणि हळूहळू पुढं न्यायचं. आवाज जड झाला की समजा, आपण रेटतोय.

दुसरी चूक. मशीनच्या खालची चपटी प्लेट, बेस म्हणतात तिला, ती तिरकी करता येते, कारण तिरका कापही घ्यावा लागतो. आमच्या मशीनचा बेस जरासा तिरका होता. त्याच्यावर आकडे असतात, शून्याला लावला की काटकोन असं समजतात. त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आधी पिन काढा, म्हणजे वीज तोडा. मशीन उलटं धरा, बेसवर गुण्या उभा ठेवा आणि पात्याला लावा. मध्ये उजेड दिसला तर एलन कीनं स्क्रू ढिला करून बेस सरळ करा आणि पुन्हा आवळा. आवळताना तो परत हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा.

तिसरी चूक पात्याची. मशीनबरोबर एक बारीक दातांचं पातं आलं होतं. आम्ही प्लाय त्यानंच कापलं, पाय त्यानंच कापले, बोथट झालं तरी त्यानंच कापत राहिलो. मलमलीची सुई आणि जीनची सुई तुम्ही एक वापराल का? पात्यावर नंबर असतो. टी-१०१-बी हे बारीक दाताचं पातं प्लायला आणि साधारण ३० मिलीमीटरपर्यंतच्या लाकडाला साफ कापतं. दीड इंची पाय म्हणजे जवळजवळ ४० मिलीमीटर. त्याला टी-१४४-डी सारखं मोठ्या दाताचं पातं लागतं. ते खरबरीत कापतं पण अडकत नाही. जाड पाठीची पातीही मिळतात, ती कमी वाकतात. लोखंडाचं पातं लाकडाला लावू नका, भुसा बाहेर पडत नाही आणि लाकूड जळतं. पात्याच्या मागं एक छोटं चाक असतं, ते पात्याला टेकलेलं पाहिजे. ते झिजलं की पातं डोलतं.

चौथी गोष्ट, मशीनच्या बाजूला एक खटका असतो. तो वरच्या आकड्यावर ठेवला की पातं वरखाली जाताना पुढंमागंही झुलतं. त्यानं काम भराभर होतं, पण काप राकट येतो. साफ आणि सरळ काप हवा असेल तर तो शून्यावर ठेवायचा. आमचा तीनवर होता. कुणी ठेवला, कधी ठेवला, आम्हाला माहीत नव्हतं.

आता सांगा, या चारांत "बाईचा हात" कुठं आला?

साफ काप कसा घ्यायचा

नीट लक्ष द्या, मग तुमच्यापैकी दोघींना इथं कापायचंय.

आधी खूण. पेन्सिलीची जाड रेघ नको. गुण्या लावून धारदार सुरीनं रेघ ओढा. सुरीनं वरच्या शिरा आधीच तुटतात, म्हणून कड फुटत नाही. पाय असेल तर रेघ चारही बाजूंनी फिरवा. शेवटची रेघ पहिलीला येऊन मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर लाकूडच चौकोनी नाही, आधी ते रंधून घ्या.

या मशीनच्या पात्याचे दात वरच्या दिशेनं असतात. म्हणजे ते वर येताना कापतं, आणि ढलप्या वरच्या अंगाला उडतात. म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची आणि खूण पाठीवर करायची. आम्ही चांगली बाजू वर ठेवून कापली होती, सगळी कड दातरलेली आली. उलट्या दाताची पातीही असतात, ती लावली तर चांगली बाजू वर ठेवता येते. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली तरी फरक पडतो.

आता सरळ कापायला आधार लागतो. नुसत्या डोळ्यानं, नुसत्या हातानं एवढं लांब सरळ कुणीच कापत नाही, मिस्तरीसुद्धा नाही. एक सरळ पट्टी घ्या, कारखान्यातून आलेली प्लायची कड सगळ्यात सरळ असते. पात्यापासून बेसच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. रेघेपासून तेवढ्या अंतरावर पट्टी ठेवून दोन्ही टोकांना क्लॅम्पनं आवळा. बेसची कड पट्टीला टेकवून मशीन न्या. पातं बदललं की अंतर पुन्हा मोजा. कापलेला तुकडा खाली लोंबू देऊ नका, त्यालाही खालून टेकू द्या. नाहीतर शेवटच्या बोटभर जागेत लाकूड मोडून फाटतं आणि सगळी मेहनत जाते.

आणि रेघेवरच कापायचा हट्ट नको. रेघेच्या बाहेर एक-दोन मिलीमीटर सोडा. तेवढं नंतर रंध्यानं किंवा कानशीनं काढता येतं. जास्त कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. आम्ही आता चारही पाय जरा लांब कापतो, शहाबादी फरशीवर पॉलिश पेपर पसरतो आणि पायाचं टोक त्याच्यावर उभं धरून घासतो. मधूनमधून गुण्या लावतो. चारही पाय शेजारी उभे करून वरून हात फिरवला की कमीजास्त लगेच लागतं.

मधोमध चौकोनी खिडकी कापायची असेल, तर आधी चारही कोपऱ्यांत आतल्या अंगानं ड्रिलनं भोक पाडा. पातं तिथून घाला, भोकापासून भोकापर्यंत कापा आणि गोल राहिलेले कोपरे शेवटी कानशीनं चौकोनी करा. पातं जागच्या जागी वळवायला गेलात तर ते मोडेल.

एक खरं सांगते. फार जाड लाकडाला हे मशीन नाही. दोन इंचाच्या वर गेलं की हातकरवत घ्या, चारही बाजूंच्या रेघा बघत थोडं थोडं फिरवून कापा. जिगसॉ प्लायला, फळीला, वळणाच्या कामाला चांगलं. प्रत्येक हत्याराची एक मर्यादा असते, ती माहीत असणं म्हणजेच काम येणं.

गुण्या नसेल तर? एक फळी कापा. दोन्ही तुकडे फरशीवर ठेवा, त्यातला एक उलटा करा आणि कापलेली टोकं एकमेकांना लावा. काप काटकोनात असेल तर फट राहणार नाही. तिरका असेल तर चूक दुप्पट होऊन दिसेल. आणि गुण्या असेल तरी त्यालाही तपासा. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच जागी पुन्हा ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. चौरंगाची वरची फळी चौकोनी आहे का, ते बघायला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. दोन्ही सारखी आली पाहिजेत.

जिवाची काळजी. पातं बदलताना पिन काढलेली पाहिजे. लाकडाखाली हात घालायचा नाही, पातं खालून बाहेर येतं आणि ते दिसत नाही. वायर मागं, खांद्यावरून. डोळ्याला चष्मा, नाकाला रुमाल. केस बांधा, पदर कमरेला खोचा. आणि बांगड्या काढा. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई यावरून महिनाभर बोलत नव्हत्या. "सवाष्णीनं मोकळ्या हातानं बसायचं का?" मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, बांगड्या संध्याकाळी परत भरता येतील, बोट नाही येणार." त्या लगेच काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सुनेच्या बांगड्या त्यांनी आपल्या डब्यात जपून ठेवल्या आणि संध्याकाळी आपल्या हातानं परत दिल्या.

मग पुढं काय झालं

पंधराही चौरंगांचे पाय आम्ही काढले. पायांची टोकं सरळ केली. दोन चौरंगांचे पाय फारच आखूड झाले, ते बाजूला ठेवले, घरी वापरायला. बावीस घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो. तो बोट दाबत गेला. एकही हलला नाही. तरी म्हणाला, "दर जरा कमी करा." मग मी गुण्या काढला. म्हटलं, "दादा, तुमच्याकडं मिस्तरीनं केलेला चौरंग आहे ना, तोही आणा. दोन्हीला गुण्या लावू. ज्याच्यात उजेड दिसेल त्याचा दर कमी." त्यानं चौरंग आणला नाही. दर मात्र मिस्तरीचाच दिला. बावीसचाच, चोवीसचा नाही. ते बरोबरच होतं.

मला सांगायचंय ते एवढंच. आपलं काम वाकडं झालं तर त्याला कारण असतं, आणि ते कारण शोधता येतं. पातं, बेस, खटका, रेटा. "बाई आहे म्हणून" हे कारण नव्हे. ते म्हणणाऱ्याला कारण शोधायचं नसतं. पण आपणही ते कारण पांघरून बसायचं नाही.

बायांना जड काम जमत नाही म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात बायांनी खडी फोडली, रोजगार हमीवर तळी खोदली, पाझर तलाव बांधले. तेव्हा कुणाला आमचे हात नाजूक वाटले नाहीत. ज्या कामात रट्टा आहे ते बाईला, आणि ज्या कामात माप आहे, यंत्र आहे, दर आहे, ते पुरुषाला, असा हा वाटा आहे. तो मोडलाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं ते त्यांनी समजून घेतलं आणि बांधकामावर लक्ष ठेवलं. केरळात कोट्टायम जिल्ह्यात एट्टुमानूरला अर्चना विमेन्स सेंटर बायांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवत आलं आहे. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही.

आपण बसलोय ते गंगाखेड जनाबाईचं मानतात. तिचं नाव घेतलं की जातं डोळ्यापुढं येतं. राबणाऱ्या बाईला शहाणपण असतं, हे या गावाला नव्यानं सांगायला नको.

तुमच्या गटात उद्या कुणी विचारलं की बायांना कसलं प्रशिक्षण देऊ, तर शिवण-टिपण म्हणायच्या आधी जरा थांबा. मोजायचं, कापायचं, जोडायचं काम मागा. आणि मशीन मिळालं तर त्याच्या आधी एक गुण्या घ्या. तो कुणाचं तोंड बघत नाही. आपल्याला सूट देत नाही आणि मिस्तरीलाही देत नाही.

माझं बोलणं संपलं. आता मशीन लावू या. पहिलं कोण येतंय? बांगड्या काढून या बरं का.